गुण आला, पण कोणाला आणि किती जणांना?

आमवात जडला की बोटांचे सांधे सुजतात, सकाळी मूठ वळत नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईची तर रोजीच बोटांवर. मग कोणी अंगारा सांगतो, कोणी तेल. पुरावा एवढाच, "शेजारणीला गुण आला!"

खरा पुरावा डॉ. रविंदर मैनी यांच्या शोधनिबंधांत पाहावा. १९३७ साली लुधियानात जन्मलेल्या मैनींनी लंडनच्या केनेडी संस्थेत डॉ. मार्क फेल्डमन यांच्यासह काम केले. या रोगात शरीराची संरक्षक शक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. सांध्यांतील पेशींत टीएनएफ हा पदार्थ रोखला की दाह वाढवणारा दुसरा पदार्थही घटतो, हे १९८९ च्या निबंधात आले. १९९३ च्या निबंधात टीएनएफ रोखणारे औषध २० रुग्णांना दिल्याची नोंद आहे. गुण दिसला, तरी ते तिथे थांबले नाहीत. १९९४ मध्ये ७३ रुग्णांची चाचणी छापली. औषध कोणाला दिले, हे रुग्णाला ठाऊक नव्हते, तपासणाऱ्यालाही नाही. चार आठवड्यांनी मोठी मात्रा घेतलेल्या २४ पैकी १९ जणांना उतार पडला. ज्यांना औषधच दिले नव्हते, त्या २४ पैकी दोघांनाही पडला!

शेजारीण त्या दोघांपैकी नाही कशावरून? आम्ही हिशेबनीस एका पावतीवर ताळेबंद मांडत नाही. भगिनींनो, ही इंजेक्शने महाग आहेत. पण मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या स्वस्त आहेत. सूज अंगावर काढू नका. सांधे वाकडे होण्याआधी सरकारी दवाखाना गाठा.