दुबईची खरेदी आणि कराचा परतावा

मैत्रिणींनो, लेकाकडे किंवा लेकीकडे दुबईला जाऊन आलेल्या बायका आता साताऱ्यात नि सांगलीत बऱ्याच भेटतात. येताना एखादी सोन्याची बांगडी येतेच! पण तिच्यावर भरलेल्या करातला मोठा भाग विमानतळावर परत मिळतो, हे कितीजणींना ठाऊक असतं?

तिथे २०१८ पासून ५ टक्के कर आहे. परताव्याच्या योजनेतल्या दुकानात निदान २५० दिरहमची खरेदी हवी आणि पावती तुमच्या पासपोर्टवर हवी. घोटाळा होतो तो इथेच. मुलगा म्हणतो, "आई, पैसे मीच देतोय, माझ्या नावावर करू." पण तो तिथला रहिवासी, त्याला परतावा नाही. तेव्हा पर्समधून आपला पासपोर्ट काढून सरळ पुढे करा, संकोच कसला?

समजा, २०० दिरहम कर भरला. त्याचे ८७ टक्के म्हणजे १७४. त्यातून पावतीमागे ४.८० वजा, हाती १६९.२०. चार बांगड्यांचा हिशेब तुम्हीच करा.

खरेदीपासून ९० दिवसांत निघायला हवं. विमानतळावर बॅगा सोपवण्याआधी परताव्याच्या खिडकीशी जा, वस्तू दाखवा म्हणू शकतात. सांगलीच्या आमच्या वन्संची डबी खजुराच्या पुड्यांखाली होती, भर रांगेत बॅग उपसावी लागली! हॉटेलातल्या जेवणावरचा कर मात्र परत मिळत नाही.

आणि हो, मुंबईला उतरल्यावर सोन्यावरची जकात वेगळी. दागिन्यांची खास सूट वर्षाहून जास्त परदेशी राहिलेल्यांना असते, महिनाभराच्या पाहुणीला नाही. म्हणून पावत्या हाताशीच ठेवा.