आजीच्या मांडीवरचा सील

दोस्तांनो,

या आठवड्याच्या टपालातलं एक पत्र मी मुद्दाम बाजूला काढून ठेवलं होतं. सातवीतली एक मैत्रीण लिहिते, ‘ताई, आई-बाबा ऑफिसला जातात आणि मी शाळेला, मग क्लासला. आजी दिवसभर घरात एकटीच. हल्ली ती विसरतेही फार. तिच्या सोबतीला एखादा रोबो मिळेल का?’

मिळेल का, याचं उत्तर सोपं आहे. आणावा का, याचं मात्र अवघड! म्हणून आधी जरा जपानला जाऊन येऊ.

जपानमध्ये दर दहा माणसांतली जवळजवळ तीन पासष्टीची किंवा त्यापुढची आहेत. त्यांची देखभाल करायला माणसं अपुरी पडतात. म्हणून तिथल्या शास्त्रज्ञांनी तऱ्हेतऱ्हेचे रोबो करून पाहिले. रिकेन या संशोधन संस्थेने २०१५ साली ‘रोबेअर’ दाखवला. चेहरा अस्वलाच्या पिल्लाचा, काम मात्र पहिलवानाचं. माणसाला दोन्ही हातांवर अलगद उचलायचं आणि पलंगावरून चाकांच्या खुर्चीत ठेवायचं. तो प्रयोगापुरता केलेला होता, पण कल्पना पटते ना? रोज माणसं उचलून उचलून नर्सची कंबर मोडते. ते ओझं यंत्राने घेतलं, तर कोण नको म्हणेल?

दुसरा रोबो काहीच उचलत नाही. त्यालाच मांडीवर घ्यायचं! त्याचं नाव ‘पारो’. ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून त्यावर काम केलं आणि २००५ मध्ये तो जपानात विकायला आला. दिसायला सीलचं पांढरंशुभ्र पिल्लू. सीलच का? मांजर किंवा कुत्रा आपल्या रोजच्या ओळखीचा. नकली असला तर लगेच ओळखू येतो. सील कुणी पाळलेला असतो? पारोच्या केसांखाली स्पर्श, आवाज आणि उजेड ओळखणारी उपकरणं असतात. कुरवाळलं की तो डोळे मिटतो, मान हलवतो, पिल्लासारखा आवाज काढतो.

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी तो अनेक देशांत वापरतात. न्यूझीलंडमधल्या एका वृद्धनिवासात केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पारोबरोबर वेळ घालवणाऱ्यांचा एकटेपणा कमी झाल्याचं त्यात दिसलं. गंमत म्हणजे, त्याच्या निमित्ताने आजी-आजोबा एकमेकांशीही बोलायला लागले.

मग बिघडलं कुठे?

अमेरिकेतल्या अभ्यासक शेरी टर्कल यांनी एक प्रसंग सांगितलाय. मूल गमावलेली एक वृद्ध बाई पारोशी बोलत होती. तो जणू तिच्याकडे बघत होता, तिचं ऐकत होता. तिला बरंही वाटत होतं. भोवतीच्या लोकांना हे फार छान वाटलं. टर्कल यांना मात्र गलबलून आलं. ज्याला जगणं नाही नि मरणंही नाही, त्या यंत्राला तिचं दुःख काय कळणार?

तुम्ही बाहुलीशी खेळता, तेव्हा ती बाहुली आहे हे तुम्हाला ठाऊक असतं. पण विसरायला लागलेल्या आजीला सील खराच वाटला तर? ही फसवणूक की दिलासा? मोठमोठ्या माणसांचंही यावर एकमत नाही. मला एवढंच वाटतं, की पारोला घेऊन कुणी आजीजवळ बसलं तर ते खेळणं. पारोला ठेवून सगळे निघून गेले, तर ती फसवणूक.

तेव्हा मैत्रिणी, आधी आजीलाच विचार. तिला काय हवंय, हे तिच्याऐवजी आपणच कसं ठरवायचं? उठाबसायला त्रास होत असेल, तर यंत्राची मदत जरूर घ्या. आई-बाबा दमून येतात, त्यांनाही हातभार हवाच. पण ‘बोलायला कुणी नाही गं’ असं ती म्हणाली, तर रोबो आल्यावर तू संध्याकाळी तिच्याजवळ किती वेळ बसशील? आतापेक्षा जास्त की कमी? हो किंवा नाही, ते त्या उत्तरावर ठरव.

आणि बाकीच्यांना या आठवड्याचा गृहपाठ. घरातल्या किंवा शेजारच्या आजी-आजोबांना विचारा, ‘तुमचं कोणतं काम यंत्राने केलेलं चालेल आणि कोणतं मुळीच चालणार नाही?’ उत्तरं ऐकून चकित व्हाल. अंघोळीला माणसापेक्षा यंत्र बरं, निदान लाज तरी वाटणार नाही, असंही कुणी म्हणेल! काय काय ऐकलंत, ते मला जरूर कळवा.

तुमची,
ताई