मागल्या तारखेचे दाखले

यश आलं की माणसाला दूरदृष्टी फुटते, आणि तीही मागल्या तारखेपासून. संगणकीय ॲनिमेशनमध्ये तर या रोगाची साथच आहे. कुठलीही यशोगाथा उघडा. पहिल्याच पानावर स्टीव्ह जॉब्ज समाधी लावून बसलेले असतात आणि १९८६ सालीच त्यांना 'टॉय स्टोरी'चा साक्षात्कार झालेला असतो.

छान. आता पावत्या काढू या का?

जॉब्जनी जॉर्ज लुकासला ५० लाख डॉलर मोजून त्याचा संगणक विभाग, म्हणजे पुढची पिक्सार कंपनी, घेतला आणि आणखी ५० लाख भांडवल म्हणून ओतले. कशासाठी? यंत्रं विकायला! पिक्सार इमेज कॉम्प्युटर नावाचं ते धूड लाखाहून जास्त डॉलरचं. गिऱ्हाइकं मोजकीच. 'लक्सो ज्युनियर'मधला तो उड्या मारणारा टेबललॅम्प, ज्याच्यावर आज प्रबंध लिहिले जातात, तो मुळात या मालाचं प्रात्यक्षिक होता. शेगडीवाल्याने नमुन्यादाखल जिलबी तळली, लोकांनी बोटं चाटली, शेगडी मात्र पडून राहिली. मग द्रष्ट्याने काय केलं? १९९० मध्ये यंत्रांचा धंदा फुंकून टाकला आणि उरलेली कंपनीही मधून मधून विकायला काढली. घेणारा भेटला नाही. या न भेटलेल्या गिऱ्हाइकाचा पुतळा कुणी उभारला आहे का?

डिस्नेची तर गोष्टच न्यारी. १९८२ मध्ये त्यांनी 'ट्रॉन' काढला. त्यात संगणकाची चित्रं जेमतेम पंधरा-वीस मिनिटांची, पण तेवढ्यानेही पंडितांच्या पोटात दुखलं. दिग्दर्शक स्टीव्हन लिस्बर्गर सांगतात, की संगणक वापरणं म्हणजे लबाडी, असं ऑस्करवाल्यांचं मत पडलं. दृश्यपरिणामांसाठी नामांकन नाही. वेशभूषेसाठी मात्र आहे! कपडे पसंत, पोरगी नापसंत.

याच 'ट्रॉन'ने झपाटलेला जॉन लॅसेटर नावाचा डिस्नेचा पोऱ्या संगणकाची पार्श्वभूमी वापरून चित्रपट करू या म्हणत साहेबांकडे गेला. प्रस्ताव बारगळला आणि पाठोपाठ नोकरीही गेली. लुकासकडे त्याला घेतलं, पण ॲनिमेटर म्हणून कसं घेणार? हुद्दा लावला 'इंटरफेस डिझायनर'. चोरून शिकवणी लावावी तशी ही कला वाढली. पुढे २००६ मध्ये डिस्नेने पिक्सार घेतली ७.४ अब्ज डॉलरला आणि त्याच लॅसेटरला आपल्या ॲनिमेशनचा कलाप्रमुख नेमलं. (गैरवर्तनाच्या तक्रारींनंतर २०१८ अखेर तो तिथूनही गेला, पण यशोगाथेचं पुस्तक सहसा त्याआधीच संपतं.)

खरी दूरदृष्टी कुणाला असेलच, तर ती एड कॅटमलला. १९७२ मध्ये यूटा विद्यापीठात या माणसाने स्वतःच्या डाव्या हाताचा प्लास्टरचा नमुना केला, त्यावर शाईने साडेतीनशेच्या आसपास त्रिकोण-बहुकोण आखले आणि टोक न् टोक मोजून संगणकाला भरवलं. पडद्यावर मूठ वळली, बोट हाललं. याला म्हणतात तप. पण भक्तहो, थांबा! १९७९ मध्ये बरी संधी दिसताच हाच कॅटमल न्यूयॉर्कमधल्या आश्रयदात्याची प्रयोगशाळा सोडून लुकासकडे गेला, सहकारीही मागोमाग गेले. योग्यच केलं. आणि पुढे? स्टुडिओंनी एकमेकांची माणसं फोडायची नाहीत, या गुपचूप समझोत्यात त्याच्या पिक्सारचं नाव होतं. कामगार कोर्टात गेले. २०१७ मध्ये पिक्सार, लुकासफिल्म आणि डिस्नेने मिळून १० कोटी डॉलरवर प्रकरण मिटवलं. आपण ओलांडला तो उंबरठा, दुसऱ्याने ओलांडला तर दरोडा!

राहिला ॲल्व्ही रे स्मिथ, पिक्सारचा सहसंस्थापक. एका बैठकीत त्याने जॉब्जशी वाद घालता घालता जॉब्जच्या व्हाइटबोर्डवर लिहिलं. त्या फळ्यावर दुसऱ्याने लिहायचं नाही, असा अलिखित दंडक होता. बोलाचाली झाली. १९९१ मध्ये स्मिथ बाहेर पडला. त्याच वर्षी पिक्सारचा डिस्नेशी 'टॉय स्टोरी'चा करार झाला. पात्रं खेळणीच का? तेव्हा संगणकातून निघालेली प्रत्येक गोष्ट प्लास्टिकचीच दिसायची म्हणून. यंत्राची खोड कथेत मुरवणाऱ्यांना मात्र कुणी द्रष्टे म्हणत नाही.

चित्रपट झळकला २२ नोव्हेंबर १९९५ ला. आठवड्याभरात पिक्सारचे शेअर बाजारात आले आणि जॉब्जचा हिस्सा एक अब्ज डॉलरपलीकडे गेला. तेव्हा साक्षात्काराची अस्सल तारीख नोंदवून ठेवा: २९ नोव्हेंबर १९९५, शेअर बाजार बंद होण्याची वेळ.