आत्याचा कीबोर्ड भंगार नव्हता

मंडळी, गेल्या आठवड्यात इथे कुणीतरी लिहिलं, "जुने खटखट कीबोर्ड म्हणजे नुसता आवाज आणि आठवणींचा उमाळा. काढून टाका." मला अजिबात पटलं नाही. का ते सांगतो.

आमच्या दांडिया बाजारच्या घरात असे दोन होते. एक आयबीएमचा मॉडेल एम, 1985 पासून निघालेल्या जातीचा, भावाने ऑफिसच्या लिलावातून उचललेला. दुसरा टीव्हीएस गोल्ड, आत चेरीचे निळे स्विच. कानाला दोन्ही सारखेच वाटतात, बोटाला नाही. मॉडेल एममध्ये प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग असते. दाबत गेलं की ती एकदम कडेला वाकते. आवाज तिथेच, अक्षरही तिथेच. जड, पण खात्रीचं. चेरी निळा हलका, साधारण 50 ग्रॅमचा. त्याची टिकटिक आतला छोटा प्लॅस्टिकचा तुकडा करतो. मला विचाराल तर मॉडेल एम सरस. आत्या म्हणायची गोल्ड, कारण बोटं दुखत नाहीत.

आत्या 78ची, नजर अधू. बडोद्याच्या आठवणी मराठीत लिहीत होती. 'स्वातंत्र्य' लिहायला इन्स्क्रिप्टवर 11 बटणं, त्यात 3 वेळा पाय मोडायचा. मधला एक निसटला की 'स्वातंतर्य'. पडद्यावर तिला ते दिसत नाही, पण बोटाला कळायचं.

दिवाळीच्या साफसफाईत आम्हीच, तिच्या भल्यासाठी म्हणून, गोल्ड भंगारवाल्याला दिला आणि पातळ, बिनआवाजाचा आणला. त्यात बटणांखाली रबराच्या टोप्या. तळाला टेकेपर्यंत दाबलं गेलं की नाही, पत्ता लागत नाही. महिनाभरात तिचं लिहिणं थांबलं. विचारलं तर म्हणाली, "अरे, हा उत्तरच देत नाही."

आवाजाचा त्रास होतो, हे कबूल. रात्री सूनबाईंची झोप मोडायची. पण त्यावर उपाय दार लावून घेणं हा होता, भंगारवाला नव्हे.

आपल्याकडे मराठी बोलणारे कमी झाले, लिहिणारे त्याहून कमी. म्हणून वस्तू टाकण्याआधी ती वापरणाऱ्या बोटांना विचारा. आता मॉडेल एमवर आत्या दिवसाला अर्धं पान लिहिते. तिला तो जड जातो. कुणाच्या माळ्यावर गोल्ड पडून असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन.