मुखवट्याआडची समता

अनोळखी माणूस भेटला, की आपली नजर प्रथम त्याच्या चेहऱ्याकडे जाते, मग कपड्यांकडे. पाठोपाठ प्रश्न येतात : आडनाव काय, गाव कोणते, शिक्षण किती? उत्तरे मिळाली, की त्याला 'अहो' म्हणायचे की 'अरे', हे आपण ठरवतो. ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यावाचून व्यवहार चालेल असे आपल्याला वाटतच नाही.

अठराव्या शतकातील व्हेनिस नगरात मात्र तो चालत होता. इटलीच्या किनाऱ्यावरील या सागरी प्रजासत्ताकात मुखवटा केवळ रंगभूमीपुरता नव्हता. वर्षातील कित्येक महिने तो नित्याच्या पोशाखाचा भाग असे. पांढरा मुखवटा, काळा झगा आणि तीन कोनांची टोपी या वेशाला 'बाउता' म्हणत. मुखवट्याचा खालचा भाग पुढे आलेला असल्यामुळे तो न काढताही खातापिता येई. बोलणाऱ्याचा आवाजही पालटे. समोर स्त्री आहे की पुरुष, उमराव आहे की दुकानदार, हे न विचारता मुखवटा घातलेल्या प्रत्येकाला 'मुखवटाबाई' अशा अर्थाच्या एकाच आदरार्थी संबोधनाने हाक मारली जाई.

या प्रथेला काळी बाजूही होती. १६३८ साली शासनाच्या अनुमतीने उघडलेल्या 'रिदोत्तो' या जुगारगृहात खेळणाऱ्यांना मुखवटा सक्तीचा होता. तेथे चेहऱ्याबरोबर लाजही झाकली गेली आणि अनेकांची संपत्ती बुडाली. अखेर १७७४ साली ते बंद करण्यात आले.

त्याहून मोठी उणीव वेगळीच होती. राज्यकारभाराचा अधिकार केवळ उमराव घराण्यांना होता आणि त्यांची नावे 'सुवर्णग्रंथा'त नोंदलेली असत. चौकात सारे समान. सभागृहाचे दार मात्र मोजक्यांसाठीच उघडे! १७९७ साली नेपोलियनने हे प्रजासत्ताक संपुष्टात आणले आणि मुखवट्याची ही प्रथाही हळूहळू मावळली.

मग या प्रथेतून आपण काय घ्यावे? मुखवट्याने दिलेली समता उसनी होती. तो उतरला, की तीही उतरे. तरीही तिने एक गोष्ट सिद्ध केली. समोरच्याचे कूळ, पद वा संपत्ती ठाऊक नसतानाही माणसे परस्परांशी सौजन्याने वागू शकतात. म्हणजेच, आदर देण्यापूर्वी माणसाची पायरी पाहणे ही समाजाची गरज नसून केवळ सवय आहे; आणि सवय मोडता येते.

वाढत्या वयात पुन्हा पाटी-पुस्तक हाती घेणाऱ्याला 'शिक्षण किती?' या प्रश्नाची बोच नेमकी ठाऊक असते. त्याने आपला चेहरा का झाकावा? झाकायचेच असेल, तर पाहणाऱ्याने आपल्या नजरेतील मोजपट्टी झाकावी. उघड्या चेहऱ्याला मिळालेला आदर हाच खरा आदर होय.