जुना पत्ता पुसून टाका

आपल्या वस्त्यांतील अनेक बुद्धविहारांत आज अभ्यासिका चालतात. काही ठिकाणी चार-सहा संगणकही आहेत. शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस आले की एक तक्रार आमच्या कानी हमखास येते. वेबसाइट मोबाइलच्या नेटवर उघडते, अभ्यासिकेत उघडत नाही. मुले म्हणतात, साइट बंद आहे. बंधू-भगिनींनो, असे असेल तर दोष बऱ्याचदा आपल्याकडे साठलेल्या जुन्या पत्त्याचा असतो.

संगणक एकमेकांना नावाने नव्हे, आकडी पत्त्याने गाठतात. नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस ही व्यवस्था १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी मांडली. दर वेळी बाहेर विचारायला नको, म्हणून अभ्यासिकेतील एका संगणकावर ‘अनबाउंड’ किंवा ‘डीएनएसमास्क’ हा मोफत प्रोग्राम बसवता येतो. एका मुलाने विचारलेला पत्ता तो लक्षात ठेवतो आणि दुसऱ्याला लगेच सांगतो.

पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा, हे साइट चालवणारे सेकंदांत ठरवतात. ३६०० म्हणजे एक तास, ८६४०० म्हणजे पूर्ण दिवस. तेवढ्यात साइट दुसऱ्या यंत्रावर गेली, तर आपला साठा मुदत संपेपर्यंत जुनेच दार दाखवतो. ‘असे नाव नाही’ हे उत्तरही काही काळ तसेच साठून राहते.

उपाय सोपा आहे. आधी तो प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करावा. साठा रिकामा होतो. मग विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजी अक्षरांत ‘आयपीकॉन्फिग’ लिहून, जागा सोडून, तिरकी रेघ आणि ‘फ्लशडीएनएस’ लिहावे. शेवटी ब्राउझर बंद करून उघडावा. क्रम उलटा केला, तर संगणक पुन्हा जुनाच पत्ता उचलतो. यात फाइल किंवा पासवर्ड काही जात नाही. मात्र मोबाइलच्या नेटवरही साइट उघडत नसेल, तर दोष दुसरीकडे आहे.

हे रोज करण्याचे काम नाही. साठ्यामुळेच वेग मिळतो. पण अर्जाचा शेवटचा दिवस असेल, तर पत्त्याची मुदत संपेपर्यंत थांबून चालत नाही. तेवढ्यात एखाद्या लेकीचे वर्ष वाया जाते. ऐकीव गोष्ट तपासून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. ‘साइट बंद आहे’ हेही तपासूनच मानावे. प्रत्येक अभ्यासिकेत निदान दोन मुला-मुलींना हे काम शिकवून ठेवा.

जय भीम!