भोंगा वाजतो, ऐकणारा ठरवतो



"संगणकाचे विषय मराठीतून शिकवता येत नाहीत" हे वाक्य मला मराठी शाळेत शिकलेली माणसेच ऐकवतात. मला ते साफ अमान्य आहे. एक नमुनाच घेऊ.

खिडकीतली बटणे, चौकटी, याद्या यांना विजेट म्हणतात. बटण दाबले की ते 'सिग्नल' देते. नातवाच्या वहीत याची इंग्रजी व्याख्या सुवाच्य अक्षरात आहे. अर्थ विचारला की तो आढ्याकडे पाहतो! अरे, साखर कारखान्याचा भोंगा घे ना. भोंगा वाजला की पाळीचा कामगार सायकल काढतो, कुणी चहा टाकते, कुणी घड्याळ लावते. भोंग्याला यातले कोणीच ठाऊक नसते. सिग्नल म्हणजे हेच. ऐकणार्‍याला क्यूटीत 'स्लॉट' म्हणतात, जीटीकेत 'कॉलबॅक'. बटण तेच ठेवून ऐकणारे बदलता येतात, ही खरी सोय.

"हे सोपे झाले, अवघड सांगा!" सांगतो. क्यूटीच्या चेकबॉक्सला 'क्लिक्ड' आणि 'टॉगल्ड' असे दोन सिग्नल आहेत. माणसाने टिचकी मारली की दोन्ही येतात. प्रोग्रामने स्वतः खूण बदलली तर फक्त 'टॉगल्ड' येतो. हा फरक कळला नाही, तर जुनी नोंद नुसती उघडली तरी प्रोग्राम विचारतो, "बदल जतन करू का?"

आणि खिडकी गोठते का? तर ती एकशिक्षकी शाळा आहे. मास्तर एका स्लॉटात तासभर हिशेब लिहीत बसले की सगळे वर्ग खोळंबतात. लांबलचक काम दुसर्‍या धाग्यावर, म्हणजे थ्रेडवर, सोपवावे.

यात कुठे अडले मराठीचे? सिग्नल, स्लॉट हे शब्द तसेच राहू द्या; स्टेशन आणि तिकीट आपण पचवलेच की. इंग्रजी माहितीपुस्तिका वाचाव्या लागतीलच, पण ज्याला मुद्दा समजला तोच त्या वाचू शकतो. घोकणार्‍याला त्या शेवटपर्यंत परक्याच राहतात.

आय.आय.टी. मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने संगणकाचे धडे मराठीतही दिले. 2021 साली पिंपरी चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकवण्याला परवानगी मिळाली. वाट आहे. तरीही आमच्या खेड्यातले हुशार पोर व्याख्या घोकते, गुण मिळवते आणि मुलाखतीत पडते. मग आपण म्हणतो, पोराचे इंग्रजी कच्चे. नाही हो, आपले शिकवणे कच्चे!